काळ्यापासून सुरुवात: एका पिक्चर ट्यूबचे कॅलिब्रेशन

माझ्याकडचा २१ इंची सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचा, मॉनिटर रात्री दिवे मालवून सुरू केला की काळ्याच्या जागी हिरवट राखाडी उजेड दिसायचा, आणि चित्र अंधारे असले तर त्या उजेडातून बारीक तिरप्या रेघाही उमटायच्या. पांढरा रंग निळसर होता. जुन्या व्हिडिओफितींवरून संगणकात उतरवलेली चित्रे ज्या जातीच्या पडद्यासाठी तयार झाली होती, त्याच जातीच्या पडद्यावर पाहावीत, एवढ्यासाठी मी हा मॉनिटर सांभाळून ठेवला आहे. तेव्हा त्यावरचे रंग डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, तर मोजून लावायचे असे मी ठरवले. एका संध्याकाळचे काम आहे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात महिना गेला, आणि त्यातला बराचसा काळ मॉनिटरऐवजी मोजणाऱ्या साधनाला आणि मॉनिटरकडे येणाऱ्या सिग्नलला सरळ करण्यात गेला.

पहिल्या संध्याकाळी मी मॉनिटर सुरू करून दहा मिनिटांत कलरीमीटर, म्हणजे रंग मोजणारे साधन, काचेवर टेकवला, एचसीएफआर हे मोफत सॉफ्टवेअर उघडले आणि लाल, हिरव्या व निळ्याचे आकडे खालीवर करत पांढरा रंग डी-६५ या प्रमाण पांढऱ्यावर, म्हणजे एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९० या बिंदूवर आणला. सॉफ्टवेअरच्या लेखी सगळे उत्तम होते. डोळ्यांना मात्र पांढऱ्यात स्पष्ट गुलाबी झाक दिसत होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पांढऱ्याचे आकडेही वेगळे आले. एकाच वेळी तीन-चार चुका झाल्या असल्या की कोणती कुठे नडते आहे ते कळत नाही, म्हणून मॉनिटरमधला एकही आकडा न बदलता नुसते मोजत बसायचे मी ठरवले.

सर्वांत आधी वेळेचा प्रश्न सुटला. पडद्याच्या मध्यभागी एकच पांढरा चौकोन ठेवून दर पाच मिनिटांनी नोंद केली, तेव्हा सुरुवातीला ७१ कॅन्डेला प्रति चौरस मीटर असलेली तेजस्विता अर्ध्या तासाने ८२ वर आणि सव्वा तासाने ८५ वर पोहोचली. त्यानंतर ती अर्ध्या कॅन्डेलाच्या आत स्थिर राहिली. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा असे साधारण सांगितले जाते, पण माझ्या वयस्कर नळीला सव्वा तास लागत होता. शिवाय मोजमापांच्या मध्ये पडदा बराच वेळ काळा राहिला की पुढची दोन-तीन वाचने किंचित कमी यायची. तेव्हापासून मोजणी चालू नसताना मी पडद्यावर मध्यम उजेडाचे, हलणारे चित्र ठेवू लागलो.

मग सिग्नलकडे वळलो. आजच्या संगणकाला व्हीजीएचे, म्हणजे मॉनिटरच्या जुन्या ॲनालॉग जोडणीचे, तोंड नसते, त्यामुळे मध्ये एक ॲडाप्टर होता आणि त्याच्यातून खरोखर काय बाहेर पडते ते मी कधी पाहिलेच नव्हते. व्हीजीएमध्ये पूर्ण पांढऱ्याला ०.७ व्होल्ट अपेक्षित असतो. ऑसिलोस्कोप लावला तर जवळजवळ दुप्पट आकडा दिसला आणि मी दचकलो. नंतर लक्षात आले की केबल मॉनिटरला जोडलेलीच नव्हती. ही वाहिनी दोन्ही टोकांना ७५ ओहमने बंद व्हावी लागते. मॉनिटरकडचे ७५ ओहम सुटले की व्होल्टेज दुप्पट होते. मॉनिटर जोडून पुन्हा पाहिले, तेव्हा पांढरा ०.६४ व्होल्टला होता. खरी गंमत काळ्यात होती. दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या काळात, म्हणजे ब्लँकिंगमध्ये, सिग्नल शून्यावर होता. पण चित्रातला काळा त्याहून सुमारे ४० मिलिव्होल्ट वर बसला होता. ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच मर्यादित पट्टी पाठवत होते. ती पट्टी पूर्ण केल्याबरोबर काळा ब्लँकिंगच्या पातळीला आला आणि पांढरा ०.६९ व्होल्टला पोहोचला. त्याच बैठकीत कार्डात पूर्वीच्या कुठल्याशा कॅलिब्रेशनचे वक्र आपोआप भरले जात असल्याचेही दिसले. तेही काढून टाकले.

एवढ्यानेच काळ्यावरचा अर्धाअधिक उजेड गेला. तिरप्या रेघा मात्र राहिल्या, आणि त्या राहिल्या म्हणूनच पुढचे निदान सोपे झाले. त्या रेघा म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या तळाकडून पुन्हा माथ्याकडे परतताना उमटणारी वाट. परतीच्या त्या काळात सिग्नल ब्लँकिंगला असतो आणि झोत पूर्ण बंद असायला हवा. तरीही तो दिसत असेल, तर दोष सिग्नलचा नाही. नळीतल्या गन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारे भाग, मुळातच पुरेशा बंद होत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो.

त्या गनना हात लावण्याआधी मोजणारे साधन विश्वासाचे करणे भाग होते. कलरीमीटरमध्ये रंगीत फिल्टर असतात आणि ते माणसाच्या डोळ्याच्या प्रतिसादाशी जुळवलेले असले तरी तंतोतंत जुळत नाहीत. उरलेली तफावत भरून काढण्यासाठी प्रत्येक प्रकारच्या पडद्यासाठी वेगळा दुरुस्तीचा तक्ता वापरतात. मी पहिल्या दिवशी एलसीडीचा तक्ता तसाच ठेवला होता. पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाची घडणच निराळी असते. झोत पडला की उजळणाऱ्या पडद्यावरच्या थरांपैकी, म्हणजे फॉस्फरांपैकी, निळा आणि हिरवा झिंक सल्फाइडचे असल्याने त्यांचा वर्णपट रुंद टेकडीसारखा दिसतो. लाल फॉस्फरमधला प्रकाश युरोपियम या मूलद्रव्यामुळे येतो आणि तो टेकडी नसून सुयांसारख्या अरुंद रेषांचा बनलेला असतो. त्यांतली सर्वांत ठळक रेषा ६२६ नॅनोमीटरच्या आसपास असते. फिल्टरचा उतार नेमका त्या जागी किंचित चुकीचा असला की लालाचे माप थेट चुकते.

छपाईच्या व्यवसायातल्या एका परिचितांकडून मी चार दिवसांसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर आणला. हे साधन फिल्टरवर अवलंबून न राहता प्रकाशाचे तरंगलांबीनुसार तुकडे करून मोजते, म्हणून रंगाच्या बाबतीत त्याचा शब्द अधिक खरा. पण त्यालाही मर्यादा आहेत. या किमतीच्या यंत्रात सुमारे १० नॅनोमीटरचा पट्टा एकत्र मोजला जातो, त्यामुळे लालाच्या सुया त्याला बोथट दिसतात. आणि अंधारात तर ते जवळजवळ आंधळेच होते. गडद करड्यावर लागोपाठ घेतलेल्या पाच वाचनांत पाच वेगळे रंग आले. कलरीमीटरचे याच्या उलट आहे. रंगात थोडा चुकतो, पण मंद प्रकाशात स्थिर राहतो. म्हणून दोघांची सांगड घालायची असते. पडद्यावर तेच पांढरे, लाल, हिरवे आणि निळे चौकोन दोन्ही साधनांनी मोजायचे आणि त्यांवरून तीन गुणिले तीनचा मॅट्रिक्स काढून तो पुढच्या प्रत्येक वाचनाला लावायचा; हे गणित सॉफ्टवेअर करते. पहिल्या संध्याकाळी कलरीमीटरने ज्याला डी-६५ म्हटले होते, तो पांढरा स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या मते एक्स ०.३२०, वाय ०.३२४ होता. गुलाबी झाक दिसते असे डोळे सांगत होते, ते बरोबरच होते.

पिक्चर ट्यूब मोजताना आणखी एक अडचण येते, ती सपाट पडद्यांना सवयीने मोजणाऱ्यांना चटकन सुचत नाही. नळीचा पडदा सतत उजळलेला नसतोच. झोत एका बिंदूवरून जातो, तो बिंदू क्षणभर भडकतो आणि विझतो. मग पुढच्या फेरीपर्यंत तिथे अंधार असतो. कलरीमीटरने किती वेळ प्रकाश गोळा करायचा, हे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. मॉनिटर ८५ हर्ट्झवर चालत असेल आणि साधन १८० मिलिसेकंद मोजत असेल, तर कधी पंधरा फेऱ्या त्यात येतील, कधी सोळा. अर्धवट फेरीचा हिशेब दरवेळी वेगळा लागेल. बरोबर २०० मिलिसेकंद मोजले, तर ८५ हर्ट्झच्या नेमक्या १७ फेऱ्या येतात आणि वाचन स्थिर होते. तेच ७२ हर्ट्झवर १४.४ फेऱ्या येतात आणि आकडा डगमगतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिफ्रेश’ प्रकारचा पडदा निवडला की ते आधी पडद्याची वारंवारता मोजते आणि मग पूर्ण फेऱ्यांच्या पटीतच प्रकाश गोळा करते. ही निवड केल्यावर माझ्या करड्याच्या वाचनांतला चढउतार लगेच निम्म्याहून कमी झाला.

कलरीमीटर काचेवर बसवण्याचेही एक शास्त्र आहे. सोबत आलेला रबरी चोषक मी वापरला नाही, कारण अशा मॉनिटरच्या काचेवर चकाकी कमी करणारा थर असतो आणि तो ओरखड्याने किंवा ओढ बसल्याने निघतो. पट्ट्याला मागच्या बाजूने वजन बांधून साधन काचेवर नुसते टेकवत होतो. मॉनिटर किंचित मागे कलवला की ते सपाट बसते. पहिल्या चौकोनावर टेकवल्यावर वीस मिनिटे ते तसेच ठेवायचे, कारण काच गरम असते आणि तिच्या ऊबेने साधनातल्या फिल्टरचे वाचनही थोडे सरकते.

डिगॉसिंग (पडद्याचे साचलेले चुंबकत्व घालवणे), तीन रंगांचे झोत एकाच जागी जुळवणे, चित्राच्या कडांची सरळता ही कामे मी एका दुपारी उरकली. त्यांत विशेष सांगण्यासारखे काही नाही. फक्त मॉनिटर ज्या दिशेला तोंड करून कायम राहणार आहे, त्याच दिशेला ठेवून ती करावीत, कारण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रसुद्धा झोताला किंचित वळवते.

आता गन. नळीच्या मानेत तीन कॅथोड असतात आणि त्यांच्यापुढे जाळ्यांची रांग. त्यांतल्या दुसऱ्या जाळीला, म्हणजे जी-२ ला, काहीशे व्होल्ट दिलेले असतात. हा व्होल्टेज वाढला की तिन्ही गन एकदम जास्त मोकळ्या होतात आणि काळा उजळतो. काळाच्या ओघात भोवतालच्या रेझिस्टरांची मूल्ये सरकतात, तसा जी-२ वर चढत जातो. माझ्या मॉनिटरमध्ये हेच झाले होते. त्याचा प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचे छोटे बटण, ईएचटीवर, म्हणजे उच्च दाब निर्माण करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर असतो आणि तिथे जाण्यासाठी मागचे आवरण काढावे लागते. नळीच्या ॲनोडला २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मॉनिटर बंद केल्यावरही नळी तो भार बराच काळ धरून ठेवते. ज्याला या कामाची सवय नाही त्याने इथे हात घालू नये, हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाही. मी पूर्वी दुरुस्तीची कामे केलेली आहेत, तरीही पूर्ण प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर वापरला, एक हात पाठीमागे ठेवला आणि घरातल्या एका माणसाला खोलीत बसवले.

ईएचटीवर दोन प्रीसेट होते, वरचा फोकसचा आणि खालचा स्क्रीनचा. पडद्यासमोर आरसा ठेवून मागून काम करताना मी वरचाच फिरवला. आरशातली अक्षरे कापूस पिंजल्यासारखी विस्कटली. फोकस पुन्हा जागेवर आणण्यात पाऊण तास गेला, कारण तो मध्यभागी नेटका लागला की कोपऱ्यात सुटतो आणि कोपऱ्यात लागला की मध्ये सुटतो. दुसऱ्या प्रयत्नात मी खालच्या प्रीसेटभोवती आधी मार्करने पांढरी खूण केली.

त्या रात्री खोलीत इतका अंधार केला होता की मॉनिटरचा चालू असल्याचा दिवाही चिकटपट्टीने झाकला. काळ्याकडे पाहण्याआधी पंधरा-वीस मिनिटे अंधारात बसणे आवश्यक असते, नाहीतर डोळ्यांना तो उजेड दिसतच नाही. पडद्यावर निव्वळ काळे चित्र ठेवले, तिन्ही रंगांचे बायस, म्हणजे प्रत्येक गनची काळ्याजवळची पातळी ठरवणारे आकडे, मध्यावर आणले आणि प्रीसेट केसभर फिरवला. आधी तिरप्या रेघा गेल्या. आणखी केसभर फिरवल्यावर राखाडी उजेड उतरत गेला आणि उतरता उतरता रंग बदलू लागला: राखाडीतला निळा आधी विझला, मग लाल, आणि शेवटी पडद्यावर शेवाळासारखा अगदी मंद हिरवा उरला. विझण्याचा हा क्रम म्हणजेच गनची प्रकृती. हिरवी गन सर्वांत मोकळी होती, निळी सर्वांत घट्ट. हिरवाही जेमतेम नाहीसा झाला तिथे मी थांबलो, आणि मग समोर येऊन निळ्याचा व लालाचा बायस थोडाथोडा वाढवत नेला, इतका की अगदी गडद करडा कुठल्याच रंगाकडे झुकू नये.

आवरण पुन्हा लावल्यावर तासाभराने काळा परत किंचित वर आलेला दिसला. उघड्या मॉनिटरला हवा जास्त लागते, तो थंड राहतो. बंद केल्यावर आतले तापमान वाढले आणि तोल सरकला. म्हणजे सगळा खटाटोप आणखी एकदा. दुसऱ्या खेपेस मी काळा जरुरीपेक्षा केसभर खाली ठेवला आणि तो अंदाज बरोबर ठरला.

काळा जागेवर बसल्यानंतर करड्या पायऱ्यांचे काम त्यामानाने शांतपणे झाले. बायस मंद भागावर अधिराज्य करतो आणि गेन, म्हणजे प्रत्येक रंगाचा जोर ठरवणारा आकडा, उजळ भागावर, पण दोघे एकमेकांच्या अंगणात थोडे शिरतातच. ८० टक्के करड्यावर गेन लावला की ३० टक्क्यांवरचा बायस हलतो. मला सात फेऱ्या लागल्या. चौकोन मात्र दरवेळी तेवढाच, पडद्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा ठेवला. पूर्ण पडदा पांढरा केला की झोताचा प्रवाह आवरणारे सर्किट मध्ये येऊन तेजस्विता कमी करते, आणि मग मोजले जाते ते त्या सर्किटचे वागणे. संगणकावरच्या रंगांसाठीच्या एसआरजीबी या १९९९च्या मानकात सीआरटी समोर ठेवूनच ८० कॅन्डेला ही तेजस्विता घेतली आहे. मी ८५ वर थांबलो. वयस्कर नळीला त्याहून जास्त ताणू नये, असे माझे मत आहे.

गॅमासाठी, म्हणजे सिग्नल वाढतो तसा उजेड कोणत्या वक्राने वाढतो त्या घातासाठी, मी वेगळे काहीच केले नाही, आणि महिन्याभरातली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट. सिग्नल आणि झोताचा प्रवाह यांतले वक्र नाते गनच्या भौतिकीतूनच येते. काळा उचललेला होता तेव्हा गॅमा १.९ च्या आसपास, तोही अंधाऱ्या टोकाला सपाट झालेला मिळत होता. काळा उतरल्याबरोबर तोच वक्र आपोआप २.३५ वर आला. टीव्हीच्या सपाट पडद्यांसाठी २०११ मध्ये ठरलेल्या बीटी.१८८६ या शिफारशीत २.४ हा घात घेतला आहे, तोही नळ्यांच्या वागण्यावरूनच. ग्राफिक्स कार्डात वक्र भरून मी तो २.४ करू शकलो असतो. पण आठ बिटांच्या सिग्नलमध्ये तसे केले की गडद भागातल्या काही पायऱ्या एकमेकींत मिसळतात आणि सावल्यांत पट्टे दिसू लागतात. २.३५ मला चालतो.

लाल, हिरवा आणि निळा हे मूळ रंग बदलता येत नाहीत. फॉस्फर जसे काचेवर बसले तसेच ते राहतात. माझ्या नळीचा हिरवा एक्स ०.२८, वाय ०.६० असा आला, म्हणजे युरोपीय प्रसारण मानकातल्या ०.२९, ०.६० च्या अगदी जवळ. १९५३च्या अमेरिकी एनटीएससी मानकातला ०.२१, ०.७१ हा गर्द हिरवा या नळीच्या आवाक्याबाहेरच आहे. तो देणारा फॉस्फर मंद असल्याने नळ्या बनवणाऱ्यांनी तेजस्वी फॉस्फरची वाट धरली आणि मानकांना मागाहून त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. कोपऱ्यांत तेजस्विता मध्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी आहे आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात पांढरा जरा पिवळा आहे. त्यावर उपाय नाही. मी तिकडे पाहणे सोडून दिले आहे.

शेवटची तपासणी म्हणून काळ्या चौकोनाशेजारी पांढरा चौकोन ठेवून काळा मोजला. एकटा असताना कलरीमीटरला जवळजवळ न दिसणारा काळा पांढऱ्याच्या शेजारी ०.४ कॅन्डेलापर्यंत चढला. जाड काचेत पांढऱ्याचा प्रकाश परावर्तन होऊन पसरतो, त्याचा हा परिणाम. कुठल्याही प्रीसेटने तो जात नाही. तीन आठवड्यांनी सव्वा तास मॉनिटर तापवून पुन्हा मोजले, तेव्हा निळ्याचा गेन दोन आकडे वाढवावा लागला, बाकी सगळे जागेवर होते. बायस आणि गेनचे सहाही आकडे मी एका कागदावर लिहून मागच्या आवरणाला चिकटवले आहेत, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: वरचा फोकसचा, खालचा स्क्रीनचा.